सुटलेला ससा

वाघाच्या शिकारीत विनोद पिकत नाही, फुशारकी पिकते. तो वाघ ऐकणाऱ्यांपैकी कोणी मोजलेला नसतो, म्हणून दर दिवाळीला तो वीतभर लांबतो. तितराला ही सोय नाही. लोहारा गावाच्या तुरीत तितर सगळ्यांनीच पाहिलेलं. ते मोराएवढं होतं म्हणाल तर पारावरचं पोरगंही म्हणेल, ‘जाऊ द्या ना भौ!’ त्यामुळे छोट्या शिकारीच्या गड्याला सावजाचा आकार फुगवता येत नाही, अक्कल फुगवावी लागते. सुटलेला ससा चार वर्षांत इतका हुशार होतो, की त्याला तलाठी करायला हरकत नसते.

पण ही निव्वळ थाप नव्हे. रानातल्या जुन्या रीती सावजाच्या स्वभावावरच बेतलेल्या होत्या. फासेपारधी पिंजऱ्यात पाळीव तितर ठेवून भोवती फासे मांडत. आतलं ओरडलं, की ‘माझ्या हद्दीत कोण?’ म्हणत रानातला नर तणतणत येई आणि पाय अडकवून घेई. पुरुषाची जातच तशी, असं कोणी म्हणेल. पण लाव्यासारख्या दिसणाऱ्या एका पाखरात मादी भांडकुदळ असते, नर अंडी उबवतो, आणि तिथे पिंजऱ्यात मादीच ठेवत. ससा आपण दिसतच नाही या भरवशावर पाय पडेस्तोवर दबून राहतो. उठला की ओळखीच्या वाटेने सुटतो, आणि जाळं नेमकं तिथेच. काही पारधी शिकवलेल्या गाईच्या आडून सरकत. सावजाला गाय दिसे. तिचे पाय मोजायचं त्याला सुचत नसे. एवढं निरखणाऱ्याला हसू येणारच.

मरणाऱ्या जिवावर हसणं क्रूर नाही का? आहे. मात्र गोष्टी बहुधा सुटलेल्याच्या असतात. सापडलेल्यावर गोष्ट रचायला सवड कुठली, चूल पेटलेली असते. आणि हसण्याचा हिशेब मांडायचाच, तर बंदूकवाला हौशी परवाना काढून ‘शिकारी’ झाला, फासेवाल्या पारध्याला मात्र 1871 पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का पुढे 1952 पर्यंत वागवावा लागला, हा विनोद जास्त क्रूर आहे.

1972 च्या वन्यजीव कायद्यातही छोट्या शिकारीचा परवाना होता. 1991 च्या दुरुस्तीने तो गेला, आणि जायलाच हवा होता. उंदीर मात्र 2022 ची दुरुस्ती होईपर्यंत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत राहिला. तोही हुशार, तोही सापळ्यातलं खोबरं घेऊन सुटतो. तरी त्याची गोष्ट पारावर कोणी सांगत नाही. रानात साक्षीदार नसतो. घरात बायको दारातच उभी असते.