टॉलेमीचं कुलूप

नेवाशात कुणाकडे जुनी नाणी असली की लोक एकच प्रश्न विचारतात, "कुठं सापडली?" 'विकत घेतली' हे उत्तर इथे कुणाला पटत नाही. सापडलेल्या नाण्याला गावात मान असतो. त्याच्यामागे हंडा असतो, हंड्यावर नाग असतो, आजोबांच्या स्वप्नात येऊन गेलेलं कुणीतरी असतं. विकत घेतलेल्या नाण्यामागे नुसती पावती. त्यात ही नाणी सोन्याची नाहीत, शिवकालीन नाहीत, पार इजिप्तची आहेत आणि त्यांच्यावर ग्रीक अक्षरं आहेत असं कळलं, की समोरचा माझ्याकडे बघायचं सोडून आमच्या सौभाग्यवतींकडे बघतो. सांत्वनाला आल्यासारखा.

तिचं म्हणणं सरळ आहे. "अहो, आपल्याच गावाखाली एवढं पुरलेलं असताना पैसे देऊन परदेशातली चिल्लर कशाला आणायची?"

याला उत्तर देणं अवघड आहे, कारण गावाखाली खरोखरच खूप पुरलेलं आहे. 1954 पासून डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी प्रवरेकाठचं लाडमोडचं टेकाड खणायला घेतलं. वरून मराठे आणि मुसलमान अमलाचे अवशेष निघाले, त्याखाली सातवाहन, त्याखाली ताम्रपाषाणयुग. आणि नदीच्या थरांत अश्मयुगातली हत्यारं अशी मिळाली, की मध्य पुराश्मयुगातल्या एका हत्यारपरंपरेला जगभरचे अभ्यासक 'नेवासियन' म्हणू लागले. आमच्या गावाचं नाव दगडाला लागलं. यातल्या एका थराला सांकलियांनी नाव दिलं 'इंडो-रोमन'. त्या थरात सातवाहनांची नाणी होती आणि रोमन धाटणीच्या, दोन कानांच्या उंच मद्यकुंभांची खापरंही होती. ज्या गावात पुढे ज्ञानदेवांनी खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली, त्या गावात बाराशे वर्षं आधी इटलीकडची वाइन येत होती, हे मी एकदा सप्ताहाच्या मांडवात बोलून बसलो. तेव्हापासून पंगतीत मला वाढायला जरा उशीर होतो.

पण खणायचं म्हटलं तर कायदा आहे, आणि तो 1878 चा आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. 1878 मध्ये दहा रुपये ही रक्कम होती. आज नेवासा फाट्यावर तेवढ्यात एक चहा मिळतो, म्हणजे बांधावर सांडलेला चहासुद्धा हिशेबानं कलेक्टरसाहेबांच्या कानावर घालायला हवा. सबब, गावाखालचा माल सरकारचा. इजिप्तनंही 1983 मध्ये कायदा करून आपल्या पुराणवस्तूंचा व्यापार बंद केला. आता आमच्यासारख्याला उरतो तो त्याआधीच बाहेर पडलेला माल. कुणा हौशी माणसानं हयातभर जपलेला आणि त्याच्या मुलांनी तेराव्यानंतर लगेच विकायला काढलेला. तो पुण्या-मुंबईच्या नाणे प्रदर्शनांत मिळतो. तिथल्या टेबलांमागे बसलेली माणसं गिऱ्हाइकाच्या नाण्याकडे नंतर बघतात, चपलांकडे आधी.

माझ्या संग्रहात दोन जातीची नाणी आहेत. पहिली टॉलेमींची. सिकंदर मेल्यावर त्याच्या सेनापतींनी राज्य वाटून घेतलं, त्यात टॉलेमीच्या वाट्याला इजिप्त आलं. हा माणूस मला फार आवडतो, कारण इतर सेनापती एकमेकांच्या उरावर बसलेले असताना हा हिशेब लिहीत बसला होता. त्यानं काढलेल्या चांदीच्या नाण्यावर सिकंदराच्या डोक्यावर हत्तीचं कातडं आहे, सोंडेसकट. हिंदुस्थानच्या स्वारीची ती खूण असं जाणकार मानतात. हे चांदीचं नाणं माझ्याकडे नाही. माझी ऐपत तांब्याच्या गरुडापर्यंत. एका बाजूला मेंढ्याची शिंगं असलेला झ्यूस, दुसऱ्या बाजूला वज्रावर बसलेला गरुड, मधोमध दोन्हीकडून एकेक खळगा. आकार आणि वजन असं, की ही ते नाणं तांदळाच्या डब्यावर झाकण उडू नये म्हणून ठेवते. बावीसशे वर्षांत त्याला मिळालेलं हे पहिलंच नियमित काम असावं.

टॉलेमीचा खरा पराक्रम मात्र नाण्यात नाही, कुलपात आहे. इसवीसनापूर्वी 300 च्या सुमारास त्यानं आपल्या चांदीच्या नाण्याचं वजन उतरवलं. ग्रीक जगात चार द्राख्मांचं नाणं सतरा ग्रॅमच्या वर भरे, यानं ते सव्वाचौदाच्या आसपास आणलं. मग हुकूम काढला : इजिप्तमध्ये व्यवहार फक्त इजिप्तच्या नाण्यात. बाहेरच्यांनी आपलं जड नाणं द्यावं, आमचं हलकं घ्यावं, नगास नग, आणि खुशीत राहावं. ते खुशीत राहिले नाहीत. इसवीसनापूर्वी 258 मधलं एक पत्र पपायरसवर शिल्लक आहे. टांकसाळीचा अधिकारी देमेत्रिओस अर्थमंत्री अपोलोनिओसला लिहितो, की परदेशी व्यापारी सोनं घेऊन आलेत, बदलून द्यायला कुणी तयार नाही, माणसं चिडली आहेत आणि त्यांचे पैसे नुसते पडून आहेत. मी हे पत्र वाचलं तेव्हा नोटबंदीचा, 2016 चा नोव्हेंबर आठवला. त्यावेळी आम्हीही जडच नोटा घेऊन रांगेत उभे होतो, फक्त आमच्या देमेत्रिओसनं वर पत्र लिहिल्याचं कानावर आलं नाही.

हे कुलूप जवळजवळ सहाशे वर्षं टिकलं. क्लिओपात्रा गेली, रोमन आले, त्यांनी राज्य घेतलं पण कुलूप काढलं नाही. रोमचे बादशहा अलेक्झांड्रियात इजिप्तपुरती वेगळी नाणी पाडत राहिले, ग्रीक अक्षरांत, थेट इसवीसन 296 च्या सुमारास डायोक्लेशननं हा प्रकार बंद करेपर्यंत. माझ्याकडची दुसरी जात ती हीच. म्हणायला चांदीची, पण चांदी दर बादशहागणिक कमी होत गेली आणि शेवटी नुसती अफवा राहिली. या नाण्यांवर तारीख असते. इंग्रजी एलसारखी एक खूण आणि पुढे अक्षरांत आकडा : बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष. गंमत अशी, की इजिप्तचं नवं वर्ष 29 ऑगस्टला लागे आणि त्या दिवशी गादीवर जो असेल त्याचं वर्ष आपोआप बदले. ऑगस्टच्या मध्यावर गादीवर आलेला बादशहा महिना भरायच्या आत 'दुसऱ्या वर्षात' असे. याचं आमच्याकडे कुणाला नवल वाटायला नको. तालुक्यातली आमच्या पिढीची निम्मी माणसं शाळेच्या दाखल्यावर 1 जूनला जन्मलेली आहेत.

क्लिओपात्राचं नाणंही मला परवडत नाही, पण त्याचा मोठा फोटो आहे. तो बघून ही म्हणाली, "हिच्यासाठी एवढी युद्धं झाली?" नाक बाकदार, हनुवटी पुढे आलेली, चेहऱ्यावर भाव असा, की शेतसारा थकलेल्या गावकऱ्यांना बोलावणं पाठवलं आहे. "आपल्या मालेगावच्या आत्याबाईच की हो या," ही म्हणाली, आणि खरंच त्याच निघाल्या. आत्याबाईंसाठी युद्ध झालेलं नाही, पण त्यांच्यामुळे झालेली दोन-तीन मला माहीत आहेत.

आता कुलपाचा नेवाशाशी संबंध. इसवीसनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं लाल समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तो ग्रंथ 'पेरिप्लस' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यात आपलं पैठण आहे, तेर आहे, कल्याण आहे. पैठण भडोचपासून वीस दिवसांवर, तिथून अकीकासारखे दगड येतात. तेरहून कापड येतं. आणि हा सगळा माल गाड्यांवर घालून, रस्ता म्हणावा असं काही नसलेल्या मुलखातून भडोचला जातो. शेवटचं वाक्य वाचून मला गहिवरून आलं. दोन हजार वर्षांत आम्ही परंपरा किती निष्ठेनं जपली! प्रवरा आमच्या तालुक्यातच गोदावरीला मिळते आणि गोदावरी खाली पैठणला जाते, तेव्हा त्या गाड्यांच्या धुळीत नेवाशाचीही थोडी धूळ होती असं मी धरून चालतो. बदल्यात काय येई? इटलीची वाइन, जास्त पसंतीची. राजासाठी चांदीची भांडी, गाणारी मुलं आणि आणखीही काही, जे मी सप्ताहात सांगितलं नाही. शिवाय सोन्याचांदीची रोमन नाणी, जी भडोचला फायद्यात बदलली जात. इजिप्तचं स्वतःचं नाणं मात्र या व्यवहाराचं चलन नव्हतं. इजिप्तच्या बंदरातून जहाजं सुटत, इजिप्तचे व्यापारी त्यांत बसत, आणि खिशातली घरची चिल्लर काढून घरी ठेवत.

उलट तोच व्यापारी लिहितो, की भडोचच्या बाजारात अजून मिनँडरच्या जुन्या द्राख्मा चालतात, ग्रीक अक्षरांच्या. मिनँडर म्हणजे मिलिंद; त्याच्या नावाचं महाविद्यालय आमच्यापासून तासाभरावर, संभाजीनगरच्या नागसेनवनात आहे. म्हणजे ग्रीक अक्षरांचं वेड आपल्याकडे मी आणलेलं नाही. क्षत्रप नहपानानंही आपल्या चांदीच्या नाण्यावर ग्रीक अक्षरं घातली. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला त्याच्या नाण्यांचा साठा निघाला, तेरा हजारांहून अधिक. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाच्या तोंडावरच आपला ठसा मारला होता. जिंकलं कसं ते सांगायला शिलालेखापेक्षा हे बरं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हातात पोचतं. हा साठा तपासणाऱ्या रेव्हरंड स्कॉटना वेगळीच अडचण आली. नाणी सगळी नहपानाची, पण तोंडं एकसारखी नाहीत. कुठे तरुण, कुठे म्हातारा, कुठे नाक असं, कुठे तसं. माझ्या आधार कार्डाचा फोटो त्यांनी बघितला असता तर इतके गोंधळले नसते.

मला सर्वांत मोठा आनंद झाला तो 2023 मध्ये. लाल समुद्रावरचं बेरेनिके हे इजिप्तचं जुनं बंदर. तिथल्या उत्खननात सातवाहनांची दोन नाणी मिळाल्याचं इजिप्त सरकारनं जाहीर केलं. त्यांनी आपली चिल्लर सहाशे वर्षं कुलपात ठेवली. आपली मात्र सोबत कुणी नाही, हुंडी नाही, समुद्र ओलांडून त्यांच्या दारात जाऊन पडली. ज्या तालुक्यात शनिशिंगणापूर आहे, जिथे घरांना दारं नाहीत म्हणून जग बघायला येतं, त्या तालुक्यातल्या माणसाला याचा अभिमान वाटणारच. मी ही बातमी हिला वाचून दाखवली आणि म्हटलं, "बघ, आपली दोन तिकडे गेली, मी त्यांची इकडे आणतोय. हिशेब चुकता करतोय."

"दोनच गेली ना?" ती म्हणाली. "मग दोनवरच थांबायचं होतं."

माझा लौकिक पसरल्यापासून लोक नाणी घेऊन येतात. त्यात शिवराई असते, निजामाचा पैसा असतो, आणि हटकून असतं ते ईस्ट इंडिया कंपनीचं, 1818 सालचं, मारुतीचं नाणं. कंपनी सरकारनं मारुतीचं नाणं कधी काढलं नाही. ही देवाच्या दुकानातली अलीकडची पदकं. पण आणणारा खिशातून कागदाची पुडी काढतो, त्यात तांदूळ असतात, आणि हळू आवाजात सांगतो, "हे तांदूळ ओढतं. नासावाले कोटी देतात." अशा नाण्यांपायी शिकली-सवरली माणसं लाखांना बुडाली आहेत. मी नाणं पुडीजवळ धरतो. तांदूळ हलत नाहीत. "आज अमावास्या नाही," तो म्हणतो. मी अमावास्येला यायला सांगत नाही, तरी तो येतो.

तेव्हा नेवाशाच्या पंचक्रोशीतल्या शेतकरी बांधवांना विनंती : नांगराला नाणं लागलं तर चिंचेनं घासू नका, विटेच्या भुकटीनं तर मुळीच नको, अक्षरं गेली की नाणं गेलं. जागा नीट लक्षात ठेवा आणि तहसील कचेरीत कळवा. त्यावर गरुड आणि ग्रीक अक्षरं दिसली, तर कळवून झाल्यावर मला एकदा नुसतं दाखवा. मारुती दिसला तर तांदूळ परत डब्यात टाका. झाकणावर ठेवायला गरुड आमच्याकडे आहे.