सीतारामपंत, तुम्ही माझी गोष्ट बिघडवलीत

कै. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांस,



आपण आत्महत्या केलेली नाही, हे मला वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी कळलं. तेही ताजमहाल हॉटेलात, दहाबारा अनोळखी पाहुण्यांच्या देखत. तक्रार करायची तर कुणाकडे, म्हणून थेट तुम्हालाच लिहिते आहे.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत 26 वर्षं इतिहास शिकवला. दर डिसेंबरात सहावीची सहल मुंबईला. राणीचा बाग, तारापोरवाला मत्स्यालय, मग गेटवे ऑफ इंडिया. तिथे मुलांची डोकी दोनदा मोजून झाली की समुद्राकडे पाठ करून मी समोरच्या ताजची गोष्ट सुरू करायची. एका इंग्रज साहेबाने या हॉटेलचे नकाशे काढले आणि तो विलायतेला गेला. परत येताना बोटीतून बघतो तर काय, अख्खी इमारत उलटी बांधलेली! तोंड शहराकडे, पाठ समुद्राकडे. साहेबाने तिथूनच उडी टाकली. ‘तिथूनच’ म्हणताना माझं बोट घुमटाकडे जाई, आणि मुलं टोप्या सावरत वर बघत. प्लासीची लढाई साफ विसरलेले माझे विद्यार्थी आजही भाजी घेताना भेटतात आणि विचारतात, “बाई, तो उडीवाला आठवतो?” थोडक्यात काय, तुम्हाला मी दरवर्षी एकदा मारलं, आणि मारण्याआधी इंग्रज केलं.

यंदा आमच्या लग्नाला 40 वर्षं झाली, म्हणून लेकीने ताजच्या जुन्या इमारतीत समुद्राकडची एक खोली एका रात्रीसाठी घेऊन दिली. भाडं तिने सांगितलं नाही. आमचे हे रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांनी एवढंच विचारलं, “नाश्ता धरून ना?” 1903 साली इथे पंखा आणि स्वतंत्र न्हाणीघर असलेली खोली 10 रुपयांना मिळे, जेवणखाण धरून 13. हे कळल्यावर ते बराच वेळ पलंगाच्या कडेला बसून होते.

संध्याकाळी पाहुण्यांना इमारत दाखवायला घेऊन जातात, त्यात आम्हीही गेलो. दाखवणाऱ्या तरुणाने सहज विचारलं, की या हॉटेलबद्दल कुणी काही ऐकलंय का? सीतारामपंत, माझा हात वर गेला. 26 वर्षांची सवय. हातवाऱ्यांसकट सगळी गोष्ट सांगितली, उडीही नीट टाकली. एका परदेशी बाईने तर तोंडावर हात ठेवला.

त्या मुलाने फार अदबीने ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मॅडम, आराखडा साहेबाचा नव्हे. रावसाहेब वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा.” वैद्य काम पुरं होण्याआधीच वारले आणि चेंबर्स नावाच्या इंग्रजाने ते तडीस नेलं. म्हणजे साहेब शेवटी आला, आणि मी त्याला पहिला केला. दाराचं म्हणाल तर ते शहराच्या बाजूला ठरवूनच होतं. आता पोहण्याचा तलाव आहे तिकडून घोडागाड्या येत, आणि समुद्राची बाजू खोल्यांना मोकळी राही. उलटं काहीच नव्हतं. उलटी मीच.

आता तुम्हीच सांगा, मी यातून सहावीला काय सांगायचं? एका मराठी माणसाने विचार करून बरोबर नकाशा काढला, तो बरोबर बांधला गेला, आणि इमारत उभी राहिलेली बघायला तो उरला नाही. यात उडी कुठे आहे? घुमटाखालचा तो अधांतरी वाटणारा जिना तरी तुमचा असावा, तर तोही कंत्राटदार सोराबजींचा म्हणतात. लोकांच्या लक्षात राहायचं तर जरा चूक करावी लागते, रावसाहेब. तुम्ही फारच सरळ निघालात.

मला खरी लाज वाटली ती सनावळीची. हॉटेल 16 डिसेंबर 1903 ला उघडलं. गेटवेची कोनशिला 1913 ची, उद्घाटन 1924 चं. हे सगळे आकडे मीच मुलांकडून घोकून घेत होते. तरी त्याच मुलांपुढे मी म्हणत असे, “बघा, गेटवेकडेसुद्धा पाठ केली!” जे गेटवे अजून वीस वर्षं बांधून व्हायचं होतं, त्याच्याकडे.

काही वर्षं मात्र तुम्ही वाचलात. नोव्हेंबर 2008 च्या दहशतवादी हल्ल्यात तो घुमट आम्ही टीव्हीवर जळताना पाहिला. त्या डिसेंबरात सहल गेली नाही. पुढच्या वर्षी मुलं तिथे उभी राहिली आणि त्यांनी दुसरंच विचारलं. मी त्यांना स्वयंपाकघरातल्या माणसांबद्दल सांगितलं, पाहुण्यांना बाहेर काढताना जी गेली त्यांच्याबद्दल. उडीवाला मी 2010 नंतर परत आणला, जुनी इमारत पुन्हा उघडल्यावर. तेवढी शरम मला होती.

2017 मध्ये तुमच्या इमारतीच्या रूपाची ट्रेडमार्क म्हणून नोंद झाली. आता ते रूप उचलून कुणी परस्पर धंदा करायचा नाही. गोष्टींची अशी नोंद करत नाहीत, हे माझं नशीब.

सकाळी पडदा सारला. खाली फोटोवाले गिऱ्हाइकांना हात वर करायला लावून घुमट चिमटीत धरवत होते. त्यांच्या पलीकडे एक सहल, निळे गणवेश, आणि समुद्राकडे पाठ केलेली एक बाई. काचेतून आवाज येत नव्हता. पण तिने दोन्ही तळवे एकावर एक ठेवून उलटे फिरवले, तेव्हा मी ओळखलं. मग तिचं बोट वर गेलं, थेट माझ्या डोक्यावर. मुलांच्या माना मागे.

खाली धावत जावं असं वाटलं, खरंच. पण पावणेदहा वाजले होते, आमचे हे दाराशी बूट घालून उभे होते, आणि नाश्ता भाड्यात धरलेला होता. तुमचा जीव आणखी एकदा गेला आणि मी इडली खायला गेले.

कळावे,
आपली अपराधी,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, डोंबिवली (पूर्व)