आमच्या ट्रकचा फुटका ब्लॉक परत करा

जुन्या इंजिनांचे व्यापारी भाऊ,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पत्र तुम्हालाच आहे हे तुम्हाला चंदेरी रंगाचा उल्लेख आला की समजेल. रंगाच्या कामात तुमचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही. तडा गेलेल्या ब्लॉकवर लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा आणि वरून असा हात द्यायचा की बाप्पाला आणलेलं मखर वाटावं, हे कसब तुमच्याकडे नक्कीच आहे. दिवस-रात्र ट्रकखाली घालवलेला आमचा मिस्त्रीही दुकानात फसला. मग माझं काय घेऊन बसलात!

आमची गाडी तुम्हाला आठवत असेल. नाकावर तारा असलेली टाटा मर्सिडीज-बेंझ, अर्ध्या गोल बोनेटची. टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरहून या गाड्या निघू लागल्या. १९६९ ला करार संपला, तारा गेला. आमच्या आबांनी तारा असतानाच गाडी घेतली. मेडशीहून अकोल्याला कापूस जायचा, येताना किराणा, सिमेंट, कधी लग्नाचं वऱ्हाड. तेव्हा वाशिम जिल्हाच नव्हता, तो १९९८ चा. म्हणून आमचं आरसी बुक अजून अकोल्याचं आहे. पातूरचा घाट ती भरल्या मालाने दुसऱ्या गिअरमध्ये चढायची आणि आवाज ऐकून आजी चुलीवर चहाचं आधण ठेवायची. आज त्याच रस्त्याचा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग झालाय. त्यावरून ती गाडी एकदा चालवायची, एवढ्यासाठी तीन वर्षं खटपट केली.

मूळ इंजिन ओएम ३१२. सहा सिलिंडर, बोअर ९० मिलिमीटर, स्ट्रोक १२०, म्हणजे ४५८० सीसी. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकच्या कुशीला मूठभर भगदाड पडलेलं. दुसरं इंजिन शोधायचं ठरलं तेव्हा ज्याने त्याने सल्ला दिला. कोणी म्हणालं चारशे सातचं बसवा, स्वस्तात मिळतं. कोणी म्हणालं कमिन्सचं सिक्स बीटी घाला, गाडी उडेल. आम्ही घाई केली नाही. टाटाच्या इंजिनाचा आकडाच सगळं बोलतो: पहिला अंक सिलिंडरचा, पुढचे दोन बोअरचे. चारशे सातचं ४९७ म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ चा बोअर, सारे मिळून २९५६ सीसी. एवढ्या जीवावर ही गाडी घाटात रडली असती. कमिन्स ५८८३ सीसीचं, दणकट, पण त्यासाठी माउंटिंग कापा, बेल हाउसिंगला प्लेट करा, रेडिएटर पुढे सरकवा. आणि तेवढा जोर मागच्या जुन्या गिअरबॉक्सने, क्राउन-पिनियनने किती दिवस सोसायचा? ६९७ चांगलं, पण ५६७५ सीसी, तिथेही हीच भीती. मग राहिलं ६९२. बोअर ९२, स्ट्रोक तोच १२०, सुमारे ४८०० सीसी. मूळ इंजिनापेक्षा बोअर फक्त दोन मिलिमीटर जास्त. गाडीचं वजन, गिअर, डिफरन्शियल, पंख्याची जागा, सगळ्याशी जमवून घेणारं. इंजिन निवडणं म्हणजे ताकद मोजणं नव्हे, भाऊ. बाकीच्या गाडीला ते मानवेल का, हे आधी बघावं लागतं. हे सगळं मी तुम्हाला दुकानात बसून सांगितलं. तुम्ही मान डोलावली आणि म्हणालात, "काई टेन्शन घेऊ नका भाऊ, टाटाले टाटाच लागते. शून्य केलेलं ६९२ हाये, डोळे झाकून न्या."

आम्ही डोळे झाकून नेलं, ही आमची चूक. चालवून दाखवा म्हटलं तर पंप कॅलिब्रेशनला गेलाय म्हणालात. हेड खोलू द्या म्हटलं तर पॅकिंग नवीन टाकलंय, खराब होईल म्हणालात. पंच्याऐंशी हजार रोख मोजले.

मेडशीला आल्यावर मिस्त्रीने हेड उचललं. बोअरच्या वरच्या तोंडाशी त्याने नख फिरवलं आणि नख अडकलं. जिथवर रिंग पोहोचत नाही तिथे एक ओठ तसाच शिल्लक, आणि त्याच्या खाली बोअर झिजून पसरलेला. बोअर गेज लावला. तळाला ९२, वर जवळपास अर्धा मिलिमीटर जास्त. शून्य केलेल्या, म्हणजे बोअर मारून नव्यासारख्या केलेल्या इंजिनात हा ओठ दिसत नाही, तो बोअर मारतानाच निघून जातो. मग त्याने ब्लॉकच्या बाजूला चिंधीने थिनर चोळलं. चंदेरी रंग सुटला, खाली लांबी, लांबीखाली वीतभर तडा, पाण्याच्या जॅकेटला. "याचं नुस्तं थोबाड रंगवलं हाये," एवढंच तो बोलला आणि विडी पेटवून ओट्यावर जाऊन बसला.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी पैसे बुडाले म्हणून गप्प बसलो असतो. थिनरचा बोळा आणखी एका जागी फिरला. नंबर पंच करतात तिथे. तिथे नंबर नव्हता. ग्राइंडरच्या तिरप्या रेघा होत्या, शेजारी शेजारी, नीट मारलेल्या. त्यावरही रंग.

बिननंबरी इंजिन कुठून येतं, हे मी तुम्हाला विचारत नाही. तुम्हाला माहीत आहे. मला फक्त त्याचा परिणाम सांगायचाय. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल आपल्या मनाने करता येत नाही, इंजिन बदललं तर नोंदणी अधिकाऱ्याकडून नोंद करून घ्यावी लागते. मी त्यांच्यापुढे कोणता नंबर ठेवू? ग्राइंडरच्या रेघा? २०२१ साली केंद्राने व्हिंटेज वाहनांचे नियम केले, ते दुचाकी-चारचाकींचे. पण त्यातही चासी आणि इंजिनात मोठे फेरफार नकोत, असंच लिहिलंय. जुन्या गाडीची ओळख चासी नंबर आणि इंजिन नंबर यांच्यात असते. तुम्ही आम्हाला ओळख खरवडलेलं लोखंड विकलं.

आणि आमची ओळख तुम्ही ठेवून घेतलीत, याचा राग सर्वांत जास्त आहे. सौदा झाल्यावर टेम्पोत पडलेल्या आमच्या ओएम ३१२ कडे बोट करून तुम्ही म्हणालात, "फुटका ब्लॉक काय पूजेले ठेवता? द्या, किलोवर घेतो." तेव्हा मला कळलं नाही, देऊन टाकला. आता कळतंय. ओतीव लोखंडाला थंड पद्धतीने टाके घालता येतात, भगदाडाला तुकडा बसवता येतो. खर्च येतो, वेळ लागतो, पण होतं. तो ब्लॉक वाचला असता. आरसी बुकात आबांच्या नावासमोर जो इंजिन नंबर शाईने लिहिलाय, तो त्या ब्लॉकवर पंच केलेला आहे. तुम्ही या धंद्यात मुरलेले आहात. जुन्या मर्सिडीजच्या नंबरी ब्लॉकचं मोल तुम्हाला कळत नसेल, हे मी मानायला तयार नाही.

पंच्याऐंशी हजारांबद्दल मी रीतसर तक्रार करणार आहे, तडा आणि रेघांचे फोटो काढून ठेवलेत, ब्लॉक तसाच ताडपत्रीखाली आहे. पण त्या आधी एक विचारतो, आणि खरं सांगा. आमचा ब्लॉक अजून तुमच्या मागच्या वाड्यात, त्या बाभळीशेजारच्या ढिगात पडलाय का? घण पडला नसेल अजून त्याच्यावर, तर पडू देऊ नका. ज्या भावाने घेतला त्याच्या दुप्पट भावाने मी तो परत घेतो. एक फोन करा. मी आणि मिस्त्री टेम्पो घेऊन मेडशीहून लगेच निघतो.

आबांचा नातू,
मेडशी, ता. मालेगाव, जि. वाशिम