चोवीस ते एकशेपाच : रेल्वे-छायाचित्रकारासाठी लेन्स-निवडीची आचारसंहिता

प्रस्तावना

रुळांपासून सुरक्षित अंतरावर तासन्‌तास उभे राहून गाडीची वाट पाहणाऱ्या, आणि गाडी आल्यावर नेमके काय करावे हे न सुचणाऱ्या सज्जनांसाठी ही संहिता लिहिली आहे. ज्यांना गाडी केवळ कुठेतरी पोहोचण्यासाठी लागते, त्यांनी हे पान उलटावे. लेखकाची पात्रता : आजवर पाच झूम लेन्स विकत घेतल्या, तीन निम्म्या किमतीत विकल्या, एकीला बुरशी लागली. उरलेली एक हा या लेखाचा विषय आहे.

नियम १ : प्रथम स्वतःची फोकल लेंग्थ ओळखावी

आमच्या टोळक्यात माणसं नावाने ओळखली जात नाहीत. आडनावं तर मला अजून माहीत नाहीत. ओळख ती लेन्सवरच्या आकड्यांची.

‘अठरा-तीनशे’ हा लग्नाच्या बुफेत एकाच ताटात चायनीज, पाणीपुरी आणि जिलेबी घेणारा गृहस्थ. सगळं मिळतं, शेवटी सगळ्याला एकच चव लागते. ‘सत्तर-दोनशे’ लांबूनच प्रेम करतो. गाडी दूर वळणावर असेतो त्याची समाधी लागलेली असते, आणि इंजिन जवळ आलं की त्याचं काम संपतं. मग तो वडा खायला मोकळा. ‘पन्नास’ तत्त्वनिष्ठ आहे. झूम लेन्स म्हणजे चारित्र्याचा अभाव, असं त्याचं मत. “झूम पायांनी करायचा असतो,” असं तो नवख्यांना सांगतो. घाटात पुढे रूळ असतात आणि मागे दरी. पुढे पाय टाकला की रेल्वे कायद्याचं कलम १४७ लागतं : सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मागे टाकला तर कोणतंच कलम लागत नाही, कारण लावायला कोणी उरत नाही. सबब झूम लेन्स ही कायदा पाळणाऱ्या नागरिकाची लेन्स होय.

राहिले ‘शंभर-चारशे’. त्यांच्याविषयी स्वतंत्र नियम करावा लागेल.

नियम २ : शंभर-चारशेंचा सल्ला ऐकून घ्यावा, मानू नये

हे आमच्यातले ज्येष्ठ. आयुष्यभर बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर घाटातल्या बँकरांच्या मागे लागले. बाहेरच्या वाचकांसाठी खुलासा : चढावर गाडीला मागून रेटा द्यायला जी जादा इंजिनं जोडतात, ती बँकर. यांची लेन्स दीड किलोच्या वर, रंग पांढरा, आणि तिला स्वतःचा रेनकोट आहे. यांना नाही.

त्यांचा सिद्धान्त असा, की ज्या फोटोत इंजिनाचा नंबर वाचता येत नाही, तो रेल्वेचा फोटो नव्हे, तो निसर्ग. “निसर्ग काय, कोणीही काढतं,” हे पुढचं वाक्य. मी एकदा मोठ्या उमेदीने हिरव्यागार डोंगरातून जाणारी अख्खी गाडी दाखवली, तर म्हणाले, “छान आहे. कॅलेंडरवाल्याला दे.”

नियम ३ : गणित करावे, मग दुकानात जावे

हा नियम रुक्ष आहे, पण फुकट आहे. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो. समोरच्या वस्तूचे अंतर गुणिले ३६, भागिले फोकल लेंग्थ, म्हणजे चौकटीत मावणारी रुंदी. शंभर मीटरवरून १०५ला सुमारे ३४ मीटर मावतात. म्हणजे एक इंजिन आणि मागचा अर्धा डबा. त्याच जागेवरून २४ला दीडशे मीटर मावतात. म्हणजे इंजिन, पाच-सहा डबे, सिग्नल, आंब्याचं झाड आणि झाडाखाली बसलेला इसम. ४००ला नऊ मीटर. म्हणजे अर्धं इंजिन. पण नंबर दिसतो.

कॅमेरा छोट्या सेन्सरचा असल्यास सगळे आकडे दीडपट धरावेत. त्यावर २४-१०५ लावली की ती ३६ पासून सुरू होते आणि रुंद टोक हातचं जातं. अशांनी १६-८० किंवा १८-१४० या घराण्यात स्थळ पाहावे. माझ्या पहिल्या कॅमेऱ्याच्या वेळी हे मला दुकानदाराने सांगितलं नाही. त्याला ती लेन्स खपवायची होती, मला घ्यायची होती. मध्ये गणिताला जागाच नव्हती.

नियम ४ : लेन्सची परीक्षा घाटात घ्यावी

दुकानात लेन्स समोरच्या कॅलेंडरवर रोखून ‘वा, शार्प आहे’ म्हणणे हा निव्वळ उपचार होय. खरी परीक्षा कर्जत-लोणावळ्याच्या दरम्यान. बोरघाटाचा चढ ३७ला १. म्हणजे दर ३७ मीटरला गाडी एक मीटर वर चढते. रेल्वेच्या हिशेबात ही भिंतच. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या गाडीला कर्जतला मागून बँकर लागतात. कसाऱ्याहून इगतपुरीला चढणाऱ्या थळघाटातही तीच तऱ्हा.

आता पेच पाहा. पळसदरीच्या बाजूला तुम्ही वळणावर उभे आहात. गाडीचं तोंड दूर झाडांतून निघतं, तेव्हा लांब फोकल लेंग्थ हवी. तिने वळण दाटून येतं आणि डबे एकमेकांना खेटून बसल्यासारखे दिसतात. अर्ध्या मिनिटात इंजिन नाकासमोर. आता २४ हवी, नाहीतर नुसते बफर येतील. मग डबे, डबे, डबे, दारात बसलेले प्रवासी, त्यांतला एक नेमका तुम्हालाच हात करतो. आणि शेवटी अर्धा किलोमीटर मागून कण्हत येणारे बँकर. ते समोरून जातात आणि वळणाआड होण्याआधी पुन्हा १०५ लागते. एकाच गाडीत लांब, रुंद, मध्यम, पुन्हा लांब. मनगटाचे दोन पीळ, एवढ्यात हे भागवणारी लेन्स ती सर्वगुणी लेन्स. बाकीच्या चर्चा चहाबरोबर कराव्यात.

चढावर गाडी सावकाश असते म्हणून गाफील राहू नये. सपाटीवर ताशी ११० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला तीस मीटर पुढे सरकते. शटर १/२५० ठेवलं तर तेवढ्यात बारा सेंटिमीटर, १/१००० ठेवलं तर तीन. गाडी आडवी जात असताना १/२५०ला काढलेला फोटो दाखवताना ‘गतीचा आभास’ असे म्हणावे. मी म्हणतो.

नियम ५ : घरी किंमत सांगताना शून्य गाळू नये

घरच्यांच्या फोनवरही इंटरनेट आहे.

नियम ६ : पाहुण्यांसाठी कोकण राखून ठेवावे

रत्नागिरीजवळचा पानवल पूल पाहिला की प्रत्येक आतेभाऊ म्हणतो, “अख्खी गाडी पुलावर असताना घे ना.” त्याला शांतपणे समजवावे. पूल ६४ मीटर उंच, पण लांबी ४२४ मीटर. एलएचबीचा डबा साधारण २४ मीटरचा. बावीस डब्यांची गाडी पुलाहून शंभरेक मीटर लांब भरते. अख्खी गाडी त्या पुलावर मावतच नाही. कोणतीही लेन्स लावा. इथे रुंद टोक गाडीसाठी नको, पुलाच्या पायांसाठी हवे. खालची दरी कापली की पूल उंच वाटत नाही आणि आतेभाऊ म्हणतो, “आमच्या इथला फ्लायओव्हर असाच आहे.”

नियम ७ : छिद्राचा आकडा पावसात वाचावा

स्वस्त झूमवर ३.५-५.६ किंवा ३.५-६.३ असे दोन आकडे असतात. याचा अर्थ, लेन्स लांब केली की ती डोळे किलकिले करते. मे महिन्यात कोणाला कळतही नाही. जुलैत घाटात दुपारी तीन वाजता संध्याकाळ होते, तेव्हा कळतं. सगळ्या पल्ल्यावर एफ/४ टिकवणारी लेन्स पुरते. २.८वाली उत्तमच, पण ती घेऊन टेकाड चढताना धाप लागते, आणि गाडीच्या वेळी हात थरथरतात ते भावनेने नव्हे.

नियम ८ : लेन्सचे सोवळे पाळावे

एसी गाडीतून घाटातल्या दमट हवेत उतरल्यावर कॅमेरा पंधरा-वीस मिनिटे बॅगेतून काढू नये. काचेवर वाफ धरते आणि डेक्कन क्वीन धुक्यातून आल्यासारखी येते. १ जून १९३० पासून धावणारी गाडी; तिचा मान राखावा.

पुढे-मागे होणारी झूम भात्यासारखी बाहेरची हवा आत ओढते. हवेबरोबर ओलही जाते. घरी आल्यावर पुसून, झाकणाच्या घट्ट डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. चामड्याच्या सुंदर पेटीत घालून कपाटात, पैठणीशेजारी, डांबरगोळ्या टाकून ठेवू नये. बुरशी आतल्या काचेवर धरते. दिसायला कोळ्याच्या जाळ्यासारखी, नाजूक असते. दुरुस्तीचा आकडा नाजूक नसतो.

नियम ९ : खांबाचा विचार सर्वांत आधी करावा

विजेच्या तारांचा खांब इंजिनाच्या डोक्यातून उगवतो. याला कोणत्याही किमतीची लेन्स उपाय नाही. दोन पावलं सरकावे. (पन्नास म्हणतो ते इथे बरोबर आहे, त्याला सांगू नये.)

नियम १० : गाडी येताना लेन्स बदलू नये

हा नियम मी कमावलेला आहे.

घाटात तेव्हा डीसी विजेवर चालणारे डब्ल्यूसीजी-२ बँकर होते. १५०० व्होल्टची डीसी जाऊन २५ हजार व्होल्टची एसी येणार, ही इंजिनं जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्याकडे तेव्हा दोन लेन्सचा संसार होता, कारण एकीत सगळं बसवणं म्हणजे तडजोड, असं मला कोणीतरी पटवलं होतं. (पांढरी लेन्स, रेनकोट.) पाऊस कोसळत होता. तोंडाचं इंजिन लांब लेन्सने छान मिळालं. मग बँकरसाठी रुंद लेन्स लावावी म्हणून शर्टाच्या आत कॅमेरा धरून अदलाबदल सुरू केली. मागचं झाकण कुठे ठेवावं हा प्रश्न पडला. ते दातांत धरलं. दोन ठिपके जुळेनात. डबे सरत होते. बँकरांचा घरघराट आला, अंगावरून गेला, लांब गेला. खटका बसला तेव्हा मी डोळ्याला कॅमेरा लावून जे दिसलं ते टिपलं : ओले रूळ, ओली करवंदीची जाळी, आणि चौकटीच्या अगदी डाव्या कडेला शंभर-चारशे. छत्री संपूर्ण लेन्सवर धरलेली, स्वतः निथळत, नजर वळणावर. ओठ हलत होते. नंबर पाठ करत होते.

त्यानंतर मी दोन्ही लेन्स विकल्या आणि २४-१०५ घेतली. दुसऱ्या टोकाला १०५च आहे, आणखी थोडी हवी होती, ही तक्रार पहिल्या दिवसापासून आहे. ती संसारातल्या तक्रारींसारखी जपून ठेवावी.

गेल्या दोन पावसाळ्यांत शंभर-चारशे घाटात आले नाहीत. गुडघे. आता ते पुण्याला मुलाकडे असतात आणि मी घाटात असलो की फोन करतात. “बँकर कोणते होते? नंबर?” मी १०५ला काढलेला फोटो बोटांनी ताणतो. शेवटचा आकडा तीन आहे की आठ, कळत नाही. “आठ,” मी ठोकून देतो. पलीकडे शांतता. मग, “अरे, आठ म्हणजे दुसऱ्या शेडचं. ते इथे कशाला येईल?” आणि मग ते वाक्य, जे ऐकण्यासाठीच बहुधा मी अजून मोठी लेन्स घेत नाही : “सांगत होतो, चारशे घे.”

परवा जुनी हार्ड डिस्क साफ करताना तो पावसातला फोटो सापडला. एक इंजिन नाही, एक नंबर नाही. त्यांना पाठवला. तासाभराने फोन आला.

“चोवीसला काढलायस ना?”

“हो.”

“तरीच. कडा ताणल्या जातात चोवीसला. माझं पोट एवढं कधीच नव्हतं.”

नियम ११ : रुंद टोकाला माणूस चौकटीच्या कडेला ठेवू नये. मध्ये घ्यावा.