अस्सलराव

पैठणी घेताना आधी तिची उलटी बाजू बघणारे, हापूसच्या पेटीत नाक खुपसून ‘देवगडच ना? कर्नाटकी माल गळ्यात मारू नका’ असा दम देणारे आणि केशराची काडी दुकानदारादेखत पाण्यात टाकून रंग किती वेळानं सुटतो ते घड्याळात बघणारे एक गृहस्थ तुमच्याही सोसायटीत असतीलच. आमच्याकडच्यांना आम्ही पाठीमागे अस्सलराव म्हणतो. एरवी ते लिफ्टपुरते सोसावे लागतात. तळमजला आला की सुटका. टोकियोत मात्र आमच्या बायकांनी मिळून एका दिवसासाठी खाजगी गाईड ठरवली, खर्च निम्मानिम्मा, आणि लिफ्ट सकाळी नऊपासून मध्येच अडकली.

गाईडबाई पन्नाशीच्या, चणीनं बारीक, गळ्यात ओळखपत्र. हातात एक जाडजूड फाइल, तिच्यात प्लास्टिकच्या पाकिटांतून शहराचे जुने फोटो आणि नकाशे. अस्सलरावांच्या हातात खिशात मावणारी डायरी. डायरीत दोन रकाने आखलेले. ‘ओ.’ म्हणजे ओरिजिनल, ‘डु.’ म्हणजे डुप्लिकेट.

राजवाड्याच्या पूर्वेकडच्या बागेत पहिली ठिणगी पडली. तिथं एदो किल्ल्याच्या मुख्य मनोऱ्याचा दगडी चौथरा आहे, भलाथोरला. अस्सलरावांनी त्यावर बोटाची पेरं वाजवून पाहिली.

“हे ओरिजिनल?”

गाईडबाईंनी फाइल उघडली. १६५७ साली शहराला मोठी आग लागली, त्यात मनोरा जळाला. नव्या मनोऱ्यासाठी चौथरा लगेच पुन्हा रचला. पण जळालेलं शहर उभं करायला पैसा हवा, मनोऱ्यावाचून काही अडत नाही, असं मंत्र्यांनी ठरवलं आणि मनोरा राहून गेला तो राहूनच गेला.

“म्हणजे चौथरा डुप्लिकेट, आणि तोही ज्याच्यासाठी बांधला ते झालंच नाही?”

“होय,” बाई झुकून म्हणाल्या.

डायरीत ‘डु.’ पडला. मला मात्र त्या मंत्र्यांचं कौतुक वाटत होतं. आधी शहर, मग मनोरा, असा क्रम लावणारी माणसं कुठल्याही काळात दुर्मीळच. पण अस्सलराव पुढे निघाले होते.

टोकियो हे शहर या माणसाला दाखवणं हीच मुळात क्रूर थट्टा आहे. १९२३ चा भूकंप, १९४५ चे बाँबहल्ले. जे एकदा वाचलं ते दुसऱ्यांदा गेलं. असाकुसाचं ते प्रसिद्ध कामिनारीमोन दार, ज्याच्या लाल कंदिलाखाली सगळं जग फोटो काढतं, ते १८६५ च्या आगीत गेलं आणि तब्बल पंचाण्णव वर्षं नव्हतंच. १९६० साली मात्सुशिता कोनोसुके या उद्योगपतींच्या देणगीतून ते पुन्हा उभं राहिलं. “कसले उद्योगपती?” “विजेची उपकरणं. पॅनासॉनिक.” अस्सलरावांनी डायरीत ‘डु.’ लिहून पुढे ‘मिक्सरवाले’ अशी नोंद केली. आतलं सेन्सोजीचं मुख्य मंदिर १९४५ च्या मार्चमध्ये जळालं, १९५८ मध्ये काँक्रीटचं झालं, आणि आता त्यावरची कौलं टायटॅनियमची आहेत. टायटॅनियम ऐकल्यावर त्यांनी पेन्सिलीचं टोक मोडलं.

बाईंना दया आली असावी. “मूर्ती मात्र ओरिजिनल आहे,” त्या म्हणाल्या. सन ६२८ मध्ये सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची मूर्ती आली, अशी कथा आहे. तीच आत आहे.

अस्सलराव एकदम ताठ झाले. “कुठं?”

“दिसत नाही. कुणालाच दाखवत नाहीत.”

“मग ओरिजिनल आहे हे कशावरून?”

बाईंनी फाइल उघडली नाही. “असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही,” त्या अतिशय नम्रपणे म्हणाल्या.

गंमत म्हणजे याच आवाराच्या पूर्व बाजूला नितेनमोन नावाचं सतराव्या शतकातलं लाकडी दार उभं आहे. भूकंप, बाँब, आगी या सगळ्यांतून वाचलेलं. त्याच्यापाशी कुणी फोटो काढत नव्हतं, म्हणून अस्सलराव त्याच्याखालून स्वच्छतागृह शोधत दोनदा गेले. मी सांगितलं नाही.

तिथून जवळच मात्सुचियामा शोदेन हे छोटं देऊळ आहे. तिथला देव म्हणजे आपल्या गणपतीचंच जपानी रूप, आणि नैवेद्याला पांढराशुभ्र, हातभर लांब मुळा. लोक मुळा विकत घेऊन देवापुढे ठेवत होते. मूर्ती इथंही पडद्याआड.

“मुळा?” अस्सलराव. “मोदक कुठायत?”

“अहो,” अस्सलरावांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, “गणपतीपुढे डु. लिहाल तर आज जेवायला मिळायचं नाही.”

बराच वेळ विचार करून त्यांनी लिहिलं, ‘ओ., मुळ्यासह’.

शिबुयाच्या हाचिकोला मात्र त्यांनी सोडलं नाही. मेलेल्या मालकाची वर्षानुवर्षं स्टेशनवर वाट पाहणारा कुत्रा, त्याचा पुतळा. पहिला १९३४ चा. अनावरणाला खुद्द हाचिको हजर होता. युद्धात धातूसाठी तो पुतळा वितळवला. आत्ताचा १९४८ चा, पहिल्या शिल्पकाराच्या मुलानं केलेला.

“आणि ओरिजिनल कुत्रा?”

“उएनोच्या विज्ञान संग्रहालयात. कातडं आहे, आत भरण घालून उभा केलाय.”

“मग चला!”

उएनो आम्ही तासाभरापूर्वीच मागे टाकलं होतं. असाकुसाहून शिबुयाला येणारी गिंझा लाइन उएनोवरूनच जाते. (१९२७ साली असाकुसा ते उएनो हाच तिचा पहिला टप्पा सुरू झाला, आशियातला पहिला भुयारी रेल्वेमार्ग. “डबे?” “नवे आहेत.” “डु.”) त्याच गाडीत बाईंचाही संयम थोडा वितळला होता. त्यांनी इसेच्या देवळाची गोष्ट काढली. ते दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर तसंच्या तसं नव्यानं बांधतात आणि मग आधीचं पाडतात. मागचं २०१३ मध्ये झालं, पुढचं २०३३ मध्ये.

“मग जुनं कुठलं?”

“तेच जुनं.” आणि मग त्यांनी दिवसातला आपला एकमेव प्रश्न विचारला. “तुमचं घर जुनं आहे का?”

“आजोबांचा वाडा,” अस्सलराव छाती काढून म्हणाले. “पेठेत. शंभरी ओलांडलेला.”

“आता तिथं सात मजले आहेत,” काकू खिडकीकडे बघत म्हणाल्या. “बिल्डरनं नाव तेवढं वाड्याचं ठेवलंय.”

बाईंनी अगदी इसेला डोलावली तशीच मान डोलावली. चेष्टा नव्हती त्यात. अस्सलराव काही बोलले नाहीत. मला त्यांच्या फ्लॅटचं दार आठवलं. सेफ्टी डोअरवर वाड्याच्या दिंडीदरवाजाची पितळी कडी ठोकलेली आहे. ती कशालाच लागत नाही. कुरिअरवाले बिचारे ती खडखडवत बसतात, आत कुणाला ऐकू जात नाही, मग शेवटी बेल मारतात. दर दिवाळीला अस्सलराव स्वतः ती चिंचेनं घासतात. मोलकरणीला हात लावू देत नाहीत.

यादीतलं शेवटचं ठिकाण त्यांनीच घातलेलं होतं. सुगिनामी भागातलं रेन्कोजी. गल्लीतलं साधं देऊळ, आवारात नेताजींचा अर्धपुतळा. १९४५ च्या सप्टेंबरात आणलेल्या अस्थी इथं ठेवल्या आहेत. नेहरू, राजेंद्रप्रसाद, इंदिराबाई, वाजपेयी, सगळे येऊन गेले. आणि त्या अस्थी नेताजींच्याच का, या एका प्रश्नावर आपल्या सरकारनं १९५६ पासून तीन चौकश्या बसवल्या. शाहनवाझ समिती आणि खोसला आयोग हो म्हणाले, मुखर्जी आयोग नाही म्हणाला. सरकारनं तो अहवाल स्वीकारला नाही. म्हणजे उभा देश अस्सलरावांचाच प्रश्न विचारत बसला होता.

गाईडबाई तयारीत होत्या. फाइलीचं पान त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.

अस्सलरावांनी बूट काढले. तिथं काढायची गरज नव्हती. हात जोडले. त्यांचे वडील, काकू मला हळूच म्हणाल्या, शेवटपर्यंत मानायला तयार नव्हते. नेताजी परत येणार म्हणून वर्तमानपत्रातली कात्रणं पत्र्याच्या ट्रंकेत जपत. ट्रंक वाडा पाडताना गेली.

पाच मिनिटं झाली, दहा झाली. प्रश्न आलाच नाही. बाईंनी पान परत पाकिटात सरकवलं. बाहेर येताना मी डायरीत डोकावलो. रेन्कोजी लिहिलं होतं, दोन्ही रकाने कोरे.

जेवायला शिंजुकुच्या नाकामुरायात गेलो. १९१५ मध्ये इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून निसटलेल्या रासबिहारी बोसांना या दुकानाच्या मालकांनी लपवलं, पुढे आपली मुलगी दिली. १९२७ पासून इथं रासबिहारींनी शिकवलेली भारतीय करी मिळते. भात वेगळा, रस्सा वेगळ्या भांड्यात. ताटं आली. अस्सलरावांनी चमचा उचलला, रस्सा उजेडाकडे धरून वळवला, वास घेतला. तोंड उघडणार इतक्यात गाईडबाईच म्हणाल्या, “ओरिजिनल!”

अस्सलरावांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग शबनममध्ये हात घालून घरून आणलेल्या लसणाच्या चटणीची डबी काढली, आधी बाईंच्या ताटात चमचाभर वाढली आणि म्हणाले, “रासबिहारींचा हात मिठाला जरा आखडता होता.”