छेचाळिसावा दात

माणसाला दात बत्तीस, हे लहान पोरही सांगेल. पण खुर्चीवर आडव्या झालेल्या पेशंटच्या जबड्यात डोकावून डॉक्टर असिस्टंटला म्हणतात, "फोर सिक्स, आरसीटी." पेशंट मनात हिशेब मांडतो. छेचाळीस? मग वरचे चौदा कुणाचे?

खुलासा एका वाक्याचा आहे. तोंडाचे चार भाग. चार म्हणजे पेशंटच्या उजवीकडचा खालचा भाग आणि सहा म्हणजे मधल्या रेषेपासून सहावा दात. हे वाक्य मात्र सहसा दंतवैद्यकाच्या पुस्तकाबाहेर पडत नाही. अमेरिकेत दात सरळ एक ते बत्तीस मोजतात. त्यामुळे न्यू जर्सीहून पुण्यात दात दाखवायला आलेल्या मंडळींची तीस नंबरची दाढ विमानातून उतरताच छेचाळीस होते. दुधाच्या दातांना पाचपासून आठपर्यंतचे भाग दिलेत. म्हणून पाच वर्षांच्या चिरंजीवांचा 'एट फाइव्ह' किडला, की आईच्या पोटात गोळा येतो.

तोंडात आरसा, टोचणी आणि लाळ ओढणारी नळी एकदम शिरली, की गप्पांना ऊत येतो. "काय करता आपण?" "आँ." "मुलं किती?" "आँ, आँ." खालचा जबडा बधिर झाला, ओठ कुठे आहे ते कळेना, की मग खरा प्रश्न येतो: "कॅप मेटलची बसवू की झिरकोनियाची?" हजारोंचा व्यवहार हुंकारावर ठरतो. लग्नाच्या बैठकीतही वरपक्ष याहून जास्त बोलू देतो.

प्रश्न वेळेवर आला, तरी तो नीट विचारलेला असेलच असे नाही. "आजी, तंबाखू खाता?" "छे गं बाई!" आजी खोटे बोलत नाहीत. त्या मिशरी लावतात. लावणे म्हणजे खाणे नव्हे. टूथपेस्ट-दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने १९९२ साली बंदी केली, पण आजींचा तवा सरकारला कुठे विचारतो? त्यावर तंबाखू भाजली जाते आणि केसपेपरवर 'व्यसन नाही' असे उमटते. "मिशरी लावता का, दिवसातून कितीदा?" एवढे विचारायला वेगळी पदवी लागत नाही.

मुलांसाठी अ‍ॅडल्स्टन नावाच्या दंतवैद्याने १९५९ साली रीत सांगितली: आधी सांगा, मग दाखवा, मग करा. मोठ्यांच्या वाट्याला ती उलटी येते. आधी करा, मग बिल दाखवा, मग वाटले तर सांगा. काही दवाखान्यांत "दुखलं तर डावा हात वर करा" एवढे तरी सांगतात. हात वर जातो. "झालंच, दोन मिनिटं!" हात वरच राहतो.

वरची दाढ काढून झाल्यावर सूचनांची फैर झडते. कापूस अर्धा तास दाबून धरा, थुंकू नका, चूळ भरू नका, गरम पिऊ नका. आणि शेवटी, अगदी आपुलकीने, "काही शंका?"

शंका असते. वरची दाढ काढली की नजर जाते का, हे विचारायचे घरून ठरवूनच पेशंट आलेला असतो. तोंडात कापूस. तो मान हलवतो, आणि बाहेर "नेक्स्ट!" अशी हाक जाते.