अकरा सेकंदांच्या मानकऱ्यांस अनावृत पत्र

आमच्या रविवारच्या कळपाचे म्होरके, ग्रॅममहर्षी, कार्बनभूषण गुरुवर्य यांच्या क्लीटकमली,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, मागे एका रविवारी पहाटे राजाराम पुलाच्या चौकात तुम्ही माझी सायकल दोन बोटांनी उचलून पाहिलीत आणि "अकरा किलो?" एवढंच म्हणालात. आवाज असा, की आमच्या घरात कुणीतरी बरेच दिवस अंथरुणाला खिळलंय हे तुम्हाला नुकतंच कळलं असावं. सोबतच्या चौघांनीही माना खाली घातल्या. त्या दोन शब्दांनी माझे डोळे उघडले. त्याचे आभार उघड्यावरच मानावेत, म्हणून हे पत्र पाकिटात घातलेलं नाही.

खरं तर दोष माझा नाही, घराण्याचा. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत, त्या काळात माझे वडील सदाशिव पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात वीसेक किलोच्या काळ्या सायकलवरून जात. सुट्टीच्या दिवशी त्याच सायकलच्या दांडीवर मी आणि कॅरियरवर आई. एकूण वजनाची बेरीज त्यांनी कधी केली नाही. दिवाळीआधी मात्र सायकल कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे 'ओव्हरऑयलिंग'ला टाकत. शब्द ओव्हरहॉलिंग आहे हे मला फार पुढे कळलं. मिस्त्री सगळे छर्रे रॉकेलच्या डबड्यात टाकायचा, पुसून ग्रीसमध्ये एकेक बसवायचा, मग सायकल उलटी करून चाक फिरवायचा आणि नखाने तारा छेडत आऊट काढायचा. जी तार बद्द वाजेल ती ढिली. त्याच्याकडे वजनकाटा नव्हता, कान होता. अशा मागासलेल्या वातावरणात वाढलेल्या माणसाकडून तुम्ही तरी काय अपेक्षा करणार?

तुमच्याकडून मी पहिल्यांदा हिशेब शिकलो. कार्बनची सीट, कार्बनचे बाटलीचे पिंजरे आणि टायटॅनियमचे बोल्ट मिळून तुम्ही ३०० ग्रॅम वाचवलेत, ३३ हजार रुपयांत. मी घरी येऊन गणित मांडलं. चढावर लागणारा वेळ ढोबळमानाने एकूण वजनाच्या प्रमाणात बदलतो. एकूण म्हणजे सायकल, तिच्यावरचा मनुष्य, बूट, बाटल्या, सगळं. तुमच्या बाबतीत ही बेरीज ९२ किलो भरते. (त्यातला स्वतःच्या वजनाचा ८२ चा आकडा तुम्हीच सांगितला होतात, 'हाडं जड आहेत' या टिपेसह.) ९२ किलोंत ३०० ग्रॅम म्हणजे टक्क्याचा तिसरा हिस्सा. गोळेवाडीहून सिंहगडाचा घाट तुम्ही ५५ मिनिटांत चढता. त्याचा तिसरा हिस्सा टक्का अकरा सेकंद. दर सेकंदाला तीन हजार रुपये! या भावाने वेळ विकत घेणारा गृहस्थ पेठांत दुसरा नसेल.

आणि त्या अकरा सेकंदांचं तुम्ही काय करता, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. वर पोचल्यावर झुणका-भाकरी, दोन प्लेट कांदाभजी आणि मडक्यातलं दही. एक मडकं संपल्यावर "उतारावर वजन फायद्याचंच" असं म्हणून दुसरं. भौतिकशास्त्राचा इतका चविष्ट उपयोग न्यूटनलाही सुचला नसता.

टायरच्या बाबतीतही तुम्ही मला घडवलंत. आधी तुम्ही सांगितलंत, टायर २३ मिलिमीटरचा आणि हवा १२० पीएसआय, दगडासारखी. मी तशी भरली. सिंहगड रस्त्याचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक पेव्हर ब्लॉक आणि नगरसेवकांच्या प्रेरणेने उगवलेला प्रत्येक गतिरोधक माझ्या मणक्यांनी वैयक्तिकरीत्या ओळखला. मग गेल्या वर्षी तुम्ही सांगितलंत, २८ चा टायर आणि हवा बरीच कमी, कारण खडबडीत रस्त्यावर टणक चाक उसळतं आणि त्या उसळण्यात ताकद वाया जाते. हे अगदी खरं निघालं. मला कौतुक वाटतं ते याचं, की दोन्ही वेळा बरोबर तुम्हीच होता आणि दोन्ही वेळा चूक मीच.

पण तुमच्या शिकवणीचा कळस म्हणजे युजेन क्रिस्तोफची गोष्ट. दर रविवारी डोणज्याच्या टपरीवर, चहा येईपर्यंतच्या वेळात, तुम्ही ती सांगता. १९१३ ची तूर द फ्रान्स सायकल शर्यत. पिरेनीज पर्वतातल्या तुर्माले घाटात क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा, की दुरुस्ती स्पर्धकाने स्वतःच करायची. गड्याने सायकल खांद्यावर घेतली, पायी घाट उतरला, खालच्या गावात लोहाराची भट्टी गाठली आणि पंचांच्या डोळ्यांदेखत स्वतः लोखंड तापवून चिमटा जोडला. काही तास गेले, तरी पुन्हा स्वार झाला. भट्टीचा भाता एका पोराने हलवला, म्हणून वर १० मिनिटांचा दंड! इथे तुमचा आवाज दर वेळी भरून येतो. "सायकलवाला म्हणजे असा पाहिजे," असं म्हणून तुम्ही माझ्या बशीतलं बिस्किट उचलता.

ही कथा कानात घुमत असतानाच श्रावणातला तो रविवार उजाडला.

तुम्हाला आठवत नसेल तर आठवण करून देतो. पाऊस नुकता थांबला होता, घाटात धुकं आणि मोटारींची रांग. तुमच्या सायकलमधून खडकवासल्यापासूनच एक आवाज येत होता. आधी किर्र, मग कटकट, चढ लागल्यावर खट्. पायडलला जोर दिला की चेन दात सोडून पुढे उडी मारत होती. मी म्हटलं, "गुरुवर्य, चेन काहीतरी म्हणतेय." तुम्ही म्हणालात, "सिरॅमिक बेअरिंग आहेत, आवाज येणं शक्यच नाही." तीव्र वळणावर तुम्ही उभे राहिलात, सगळा भार पायडलवर टाकलात आणि त्याच क्षणी गिअर बदललात. चेन तुटली. रस्त्यावर एखादी धामण पडावी तशी ती पडली, काळीशार, वाळूने माखलेली.

आता क्रिस्तोफ जागा होणार, म्हणून मी बाजूला झालो. हँडलवर तुमची ताकद वॅटमध्ये दाखवणारं यंत्र होतं, छातीवर ठोके मोजणारा पट्टा होता, खिशात तीन प्रकारची जेल होती. चेन जोडायचं हत्यार नव्हतं. ते तुम्ही जानेवारीतच घरी ठेवलंत, कारण ते १५० ग्रॅमचं आहे. माझ्याकडे असायला हवं होतं. पण तुमच्याच सांगण्यावरून मीही ते घरी ठेवलं होतं. तिथे ना लोहार, ना भट्टी. भाता हलवायला मी तयार होतो, पण नुसत्या भात्याने काय होणार?

तुम्ही फोन केलात. मोटारींच्या रांगेतून वाट काढत वहिनी पोचायला एक तास चाळीस मिनिटं लागली. तोवर तुम्ही कणीसवालीच्या छत्रीखाली, बुटांच्या तळाची क्लीट टकटक वाजवत उभे होतात आणि ती "पोरगं कुठं हरवलंय का?" असं मला विचारत होती. १५० ग्रॅम वाचवले आणि साधारण नऊशे किलोची मोटार घाट चढवून आणली. मी पुन्हा हिशेब केला, तुम्हीच लावलेली सवय आहे. एक तास चाळीस मिनिटं म्हणजे सहा हजार सेकंद. दर रविवारी अकरा सेकंदांच्या हप्त्याने फेडायचे तर साडेदहा वर्षं. तेवढी हप्तेबंदी फ्लॅटच्या कर्जाला बरी असते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही भल्या मोठ्या काचेच्या दुकानात गेलात, जिथे सायकली झुंबरांसारख्या टांगलेल्या असतात आणि कॉफीही मिळते. नवी चेन बसली, आणि तीही उड्या मारू लागली. साहजिकच आहे. सहा हजार किलोमीटर झिजलेल्या चेनने मागच्या कॅसेटचे दात आपल्या मापाचे कोरून घेतले होते. नवी सरळमार्गी चेन त्यांच्यात रमेना. म्हणून कॅसेट बदलली, मग पुढचं चक्र. तीन-चार हजारांत भागलं असतं, ते बिल पाचआकडी झालं. ते तुम्ही आम्हाला 'अपग्रेड' म्हणून दाखवलंत. वा!

त्याच संध्याकाळी मी तुटलेल्या चेनचा तुकडा खिशात घालून कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे गेलो. जुना मिस्त्री आता नाही, त्याचा मुलगा बसतो. तुमच्या सायकलला तो हात लावत नाही. "कार्बनला पाच न्यूटन-मीटरच्या वर आवळलं की तडकतं साहेब, आणि मोजायचा पाना माझ्याकडे नाही." (तो पाना तुमच्याकडे आहे, दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, मखमलीच्या पेटीत. पाहिलाय.) तुकडा हातात घेऊन त्याने दोन्ही टोकं धरली आणि आडवा वाकवला. चेन कमानीसारखी वाकली. "नवी एवढी वाकत नाही," तो म्हणाला. मग फळीवर खिळ्याला ताणून त्याने तिच्यावर फूटपट्टी ठेवली.

गुरुवर्य, या फूटपट्टीचं वजन मी केलेलं नाही, क्षमस्व. पण तिची किमया ऐका. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंत बरोबर अर्धा इंच. म्हणजे शून्यावर एका पिनेचा मध्य धरला की चोविसाव्या घराची पिन बाराव्या इंचावर पडली पाहिजे. चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबर नव्हे. पिना झिजतात, त्यांच्याभोवतीची भोकं मोठी होतात. एकेका सांध्यात केसभर, पण सांधे शंभरावर असतात. चोविसावी पिन बारा इंचांच्या पुढे अर्धं सूत गेली की चेन बदलायची. एक सूत गेली तर समजायचं, कॅसेटही गेली. मिस्त्रीने बोट ठेवून दाखवलं. तुमची पिन एक सूत ओलांडून पुढे उभी होती.

"तेल घालत नाहीत काय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "घालतात. परदेशी आहे. भरपूर घालतात." तो हसला. तेल लागतं आत, रोलरला, प्रत्येकावर एक थेंब. मग चेन उलटी फिरवायची आणि बाहेरचं सगळं फडक्याने पुसून काढायचं. बाहेर राहिलेलं तेल धूळ ओढतं आणि तेल-धूळ मिळून पॉलिश पेपर होतो. स्वच्छ चेन तुमच्या पायातली ९७-९८ टक्के ताकद मागच्या चाकाला पोचवते. तुमच्या सिरॅमिक बेअरिंगनी वाचवलेला वॅट-दोन वॅट ही वाळूची माळ वाटेतच गिळत होती.

एवढं ऐकून मी मनातल्या मनात तुमच्यावर हसत घरी आलो, आणि मुलीच्या दप्तरातून फूटपट्टी काढून माझ्या अकरा किलोंवर वाकलो. एक सूत. वर आणखी थोडं. दोन वर्षं मी तुमचं ऐकून बोल्टांची वजनं पाहत होतो. चेनकडे पाहायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि ती काही बिचारी दोन बोटांनी उचलून दाखवायची वस्तू नव्हे. तेव्हा हे पत्र अर्धं मलाच आहे, असं समजायला हरकत नाही. अर्धं मात्र तुम्हालाच.

येत्या रविवारी तुम्ही ठरवाल त्याच वेळी येईन. हत्यार घेऊन येईन, १५० ग्रॅमचं. दह्याच्या एका मडक्याने त्याची भरपाई करता येईल, असं तुमचंच शास्त्र सांगतं. क्रिस्तोफची गोष्टही पुन्हा ऐकेन. फक्त ती सांगण्याआधी चेन पुसलेली आहे का, एवढं एक बोट फिरवून पाहीन म्हणतो.

वहिनींना सा. न. सांगावा. कणीसवाली तुमची चौकशी करत होती.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
अकरा किलोवाला

ता. क. : तुमची नवी चेन मोजायला म्हणून तुम्ही नेलेली माझ्या मुलीची फूटपट्टी महिना झाला तरी परत आलेली नाही. शाळेत भूमिती सुरू झालीय, तेव्हा ती पाठवून द्यावी. तेलाचे डाग पडले असतील तर संकोच करू नये. राख लावून घासू. भीती आहे ती फूटपट्टी स्वच्छ परत येण्याची.